खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी विदर्भात: पहिल्या तासात काय करायचं, काय वाचतं आणि जुनी गाडी घेताना मीठ कसं ओळखायचं

विदर्भाला समुद्र नाही. तरीही अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या आम्हा लोकांकडे मिठाने खाल्लेल्या गाड्या येतात, आणि पाऊस सुरू झाला की जास्त येतात. त्या तीन वाटांनी येतात. पहिली वाट सहलीची. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत कुटुंब कोकणात जातं, गाडी थेट वाळूवर उतरवतं, चाकं रुततात आणि भरती येते. दुसरी वाट जुन्या गाड्यांच्या बाजाराची. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडे खाडीच्या किंवा भरतीच्या पाण्यात बुडालेली गाडी लिलावात स्वस्तात उचलली जाते, धुऊनपुसून चकाचक होते आणि शेकडो किलोमीटर आत, जिथे समुद्राचा कुणाला संशय येणार नाही अशा तालुक्याला विकली जाते. तिसरी वाट घरचीच आहे: पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा. बोअरच्या खारट पाण्याने गाडीचा आतला भाग धुतला की थोडं मीठ आपणच कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये, भरतो.

तिन्ही बाबतीत गाडीमालक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "भाऊ, दोन महिने चांगली चालून रायली होती, आता काहून बंद पडते?" या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

मीठ गाडीत काय करतं

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्याकडच्या नाल्याच्या पुरात, पावसाचं पाणी मिसळलेलं असल्याने, हे प्रमाण बहुधा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली असतं. क्षार जितके जास्त तितकी वीज पाण्यातून सहज वाहते. गाडी समुद्राच्या पाण्यात बुडाली आणि बॅटरी जोडलेली असली, तर पाण्याखालच्या प्रत्येक कपलरमध्ये १२ व्होल्टची पिन आणि शेजारची अर्थची पिन यांच्यामध्ये पाण्यातून करंट सुरू होतो. पॉझिटिव्ह बाजूच्या पिनचं तांबं आणि त्यावरचा कथिलाचा थर विरघळू लागतो. बारीक सिग्नलच्या पिना मोजक्या मिनिटांतही कुरतडल्या जातात. चावी ऑन केली की आणखी डझनभर सर्किटना सप्लाय मिळतो आणि हेच काम जास्त वेगाने होतं.

दुसरं नुकसान तारेच्या आत होतं. गाडीची तार बारीक केसांसारख्या तांब्याच्या धाग्यांची असते. त्या धाग्यांमधल्या फटींतून पाणी प्लास्टिकच्या आवरणाखाली वर चढत जातं. वरून तार नवी दिसते, सोलली की आत काळी निघते. आधुनिक साध्या गाडीतसुद्धा अशी तार किलोमीटरभराहून जास्त भरते.

तिसरी गोष्ट ईसीएमची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरची. लोक म्हणतात की तो डबा सीलबंद असतो. असतो. पण चालत्या गाडीतला गरम डबा एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या बारीकशा कमकुवत जागेतून पाणी आत ओढलं जातं. आत गेलेलं पाणी पुढे वाफ होऊन जातं, मीठ बोर्डवर राहतं.

मार्चमध्ये धावते, जुलैत बंद पडते

हा भाग विदर्भातल्या माणसाने नीट वाचावा, कारण आपल्या हवेमुळेच आपण फसतो.

कोरडं मीठ वीज नेत नाही. ओलं झालेलं नेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि ओघळतं. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी पाझरते ना, तेच गाडीच्या कपलरमध्ये होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर तेहतीस-चौतीस टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं.

आता आपलं वर्ष बघा. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याला पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहीखाली येते. मुंबईहून आलेली बुडीत गाडी या हवेत आणून ठेवली की तिच्यातलं सगळं मीठ खणखणीत कोरडं होतं. लाइट लागतात, काचा वर-खाली होतात, मीटरवर एकही इशारा नाही, एसी थंड. लग्नसराईत गाडी विकली जाते. जूनच्या शेवटी पाऊस लागतो, सकाळची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, आणि तेच मीठ ओलं होऊन कामाला लागतं. आधी रात्रीतून बॅटरी उतरू लागते. मग एक काच आपोआप खाली येते, वायपर थांबत नाही, एअरबॅगचा दिवा लागतो, आणि एके दिवशी गाडी सेल्फच घेत नाही.

म्हणून गाडी चालते की नाही, हा खाऱ्या पाण्याच्या बाबतीत निकषच होऊ शकत नाही. मीठ आत आहे की नाही, एवढंच बघायचं. जुन्या जीपच्या काळातला आपला अनुभव इथे आडवा येतो. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीपला कंप्युटर नव्हता. पाणी काढलं, ऑइल बदललं, डायनामो आणि सेल्फ उघडून सुकवले की ती पुन्हा दहा वर्षं चालायची. त्या जोरावर आजही गावोगाव "धुऊन काढू, उन्हात ठेवू, होईल चालू" असं सांगितलं जातं. आजच्या गाडीत दहा-वीस ते चाळीस कंप्युटर असतात आणि ते एकमेकांशी दोन बारीक तारांवर बोलतात. त्यातला एक जरी सडला तरी बाकीचे मुके होऊ शकतात.

पहिला तास

समजा गाडी किनाऱ्यावर अडकली आहे आणि पाणी चढतंय. आधी माणसं बाहेर. पाणी अजून चाकाच्या अर्ध्यापर्यंतच असेल आणि गाडी कोरडी असेल, तर ट्रॅक्टर बोलावून ओढून काढा, पण स्वतः सेल्फ मारत, रेस देत बसू नका. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं असतात. पाणी एकदा गाडीत शिरलं की ओहोटीपर्यंत थांबण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.

पाणी आत शिरलं असेल तर चावी लावायची नाही. बटनाने चालू होणारी गाडी असेल तर चावी घेतलेल्या माणसाला गाडीपासून लांब उभं करा, कारण चावी जवळ आली की काही गाड्यांचे कंप्युटर जागे होतात. रिमोटने लॉक उघडू नका, पॉवर विंडो दाबू नका.

पाणी उतरल्यावर, गाडीला हात लावायच्या आधी, मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घ्या: पाण्याची रेघ सीटवर, दारावर, डॅशबोर्डवर कुठपर्यंत आली ती, नंबर प्लेट, आजूबाजूची जागा. हे विम्यासाठी लागणार आहेत.

मग बॅटरी सोडवा. दहा नंबरचा पाना घ्या आणि मायनस टर्मिनल आधी काढा. अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीतून बुडबुडे येत असतील किंवा डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल, तर थोडं लांब थांबा. मिठाच्या पाण्यातून करंट गेला की हायड्रोजन आणि क्लोरीन दोन्ही वायू निघतात. बोनेट उघडून हवा खेळू द्या, विडी-सिगारेट कुणालाही पेटवू देऊ नका.

गाडी टोचन लावून नेऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर अजिबातच नाही. चारही चाकं वर घेणारी क्रेन किंवा फ्लॅटबेड मागवा. आणि घरी विदर्भात आणून बघू, हा विचार सोडा. त्या प्रवासाला एक-दोन दिवस लागतात, त्यात मीठ वाळून बसतं. जवळच्या गावातल्या गॅरेजमध्येच पुढचं काम करून घ्या.

पुढचं काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणं. ऐकून लोक दचकतात: आधीच भिजलेली गाडी आणखी भिजवायची? हो. समुद्राच्या पाण्याने ओली असलेली गाडी आधी सुकवली तर मीठ पिनांच्या खाचांत घट्ट बसतं. ओली असतानाच भरपूर गोडं पाणी मारलं तर बरंचसं विरघळून निघून जातं. बॅटरी निघालेली असली की पाण्याने तेवढं नुकसान होत नाही. कमी दाबाचा पाइप घ्या, प्रेशर गन नको, ती पाणी सीलच्या आत ढकलते. सीटखाली, फ्लोअरवर, फ्यूज बॉक्सभोवती, बोनेटखालच्या कपलरवर सावकाश पाणी सोडत राहा. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी चालेल. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी या कामाला वापरू नका.

धुण्याआधी विमा कंपनीला फोन करा आणि मेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा: नुकसान वाढू नये म्हणून गोड्या पाण्याने धूत आहोत. पॉलिसीच्या नेहमीच्या अटींतच मालकाने नुकसान वाढू नये यासाठी वाजवी काळजी घ्यावी असं म्हटलेलं असतं, आणि दुरुस्तीआधी गाडी चालवून जे नुकसान वाढेल ते मालकाच्या अंगावर, असंही म्हटलेलं असतं.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

नागपूर-अमरावतीच काय, तालुक्याच्या गावातही आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. खारं पाणी शिरलेल्या इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही, चार्जर लावायचा नाही, आणि गाडी घराच्या पोर्चमध्ये किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करायची नाही. अशा गाड्या कित्येक दिवसांनी, काही वेळा आठवड्यांनीही पेट घेऊ शकतात. २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळाच्या वेळी नेवार्क बंदरावर उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा नावाच्या १६ हायब्रिड गाड्या समुद्राच्या पाण्यात बुडाल्यानंतर जळाल्या. तिथे सुरुवात मोठ्या बॅटरीतून झाली नव्हती. मिठाने खराब झालेल्या कंट्रोल युनिटमध्ये साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीने शॉर्ट झाला होता. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या इयान वादळानंतर तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या इमारती आणि इतर वाहनांपासून किमान ५० फूट लांब ठेवायला सांगितलं. आपल्याकडे तेवढी मोकळी जागा गावाबाहेर सहज मिळते, ती वापरा.

विमा: सगळं पहिल्याच यादीत लिहून घ्या

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर धरलेला असतो. पाण्यात असताना सेल्फ मारून इंजिन जाम झालं, तर ते पाठोपाठचं नुकसान म्हणून नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत एक खास अडचण आहे. साध्या पॉलिसीत विद्युत बिघाड, म्हणजे आपोआप होणारा इलेक्ट्रिकल बिघाड, वगळलेला असतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला त्या दिवशी एअरबॅगचा कंप्युटर चालू दाखवला, म्हणून यादीत घेतला नाही, आणि तो जुलैत गेला, तर विमा कंपनी त्याला आपोआप झालेला बिघाड म्हणू शकते. म्हणून पाण्याच्या रेघेखाली असलेला प्रत्येक कंप्युटर, प्रत्येक कपलर आणि फ्लोअरचं पूर्ण वायरिंग पहिल्याच सर्व्हे रिपोर्टमध्ये लिहून घ्या. पाणी खारं होतं, हे शब्दही रिपोर्टमध्ये यायला हवेत. सर्व्हेअरसाहेब घाईत असतात. आपण घाई करू नये.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे पूर्ण गेलेली, धरता येते. समुद्राचं पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलेल्या गाडीसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: टोटल लॉसच मागा. काही गॅरेजवाले "करून देतो" म्हणतात, अंदाज ७५ टक्क्यांच्या जरा खाली बसवतात, आणि मालक पुढची तीन वर्षं वायरिंग शोधत फिरतो. घसाराही ध्यानात ठेवा: प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर निम्मी रक्कम कापली जाते, बाकीच्या बहुतेक भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, असेल तर वेगळी गोष्ट.

दुरुस्ती करायचीच असेल तर

पाणी फक्त फ्लोअरपर्यंत आलं होतं, गाडी नवी आहे, किंवा विमाच नव्हता, अशा वेळी दुरुस्ती करावी लागते. ती अशी.

सीट, कार्पेट आणि कार्पेटखालचा जाड फोम पूर्ण बाहेर काढा. फोम धुऊन वापरू नका, नवा टाका. त्यात महिनोन्‌महिने खारट ओल राहते आणि नेमकी त्याच्याच खालून मुख्य वायरिंग जाते. सीट काढण्याआधी बॅटरी सोडून किमान दहा मिनिटं थांबा, कारण एअरबॅगचा कंप्युटर कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठवून ठेवतो. पिवळ्या रंगाच्या कपलरना मल्टीमीटर लावायचा नाही. त्या बारीक करंटनेही एअरबॅग फुटण्याची भीती असते.

आता काय बदलायचं आणि काय वाचवायचं, हे ठरवा. एअरबॅगचा कंप्युटर (तो बहुधा गिअर लिव्हरच्या पुढे किंवा हँडब्रेकजवळ जमिनीलगत असतो, म्हणून सगळ्यांत आधी बुडतो), सीटबेल्ट ओढून धरणारी यंत्रणा, एबीएसचं (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं) युनिट आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कंप्युटर भिजला असेल तर नवाच टाका. या चार वस्तूंची साफसफाई करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. घाटात ब्रेक मारताना किंवा धडक बसताना त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. दिवे, हॉर्न, काचेची मोटर, वायपरची मोटर, साधे स्विच, सेल्फ, अल्टरनेटर हे उघडून धुऊन वाचू शकतात. मधला गट ईसीएम, बीसीएम (दिवे, काचा, लॉक सांभाळणारा कंप्युटर) आणि मीटरचा आहे.

मधल्या गटाचं बोर्ड साफ करायची रीत सांगतो, कारण ती चुकीची करणारे खूप दिसतात. बोर्ड उघडून बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, मऊ ब्रशने हळू घासा, पाणी बदला, पुन्हा करा. मीठ पाण्यातच विरघळतं. पेट्रोल, थिनर किंवा नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरने ते निघत नाही, फक्त पसरतं. पाण्याने मीठ निघाल्यावर शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा, म्हणजे उरलेलं पाणी निघून जाईल. मग ५०-६० अंशांवर काही तास सुकवा. ब्लोअर जवळ धरून भाजू नका. मोठं भिंग किंवा मायक्रोस्कोप घेऊन पिनांच्या बुडाशी हिरवट किंवा पांढरी पूड उरली का बघा. तांब्यावर बसलेलं क्लोराइड नुसत्या दमट हवेतही तांबं खात राहतं, म्हणून ती पूड पूर्ण निघायला हवी.

इतकं करूनही बोर्ड टिकेल याची खात्री नाही. मोठ्या चिपच्या पोटाखाली शेकडो जोड असतात, तिथे ब्रश पोचत नाही. काही ईसीएम जेलने भरलेले असतात, ते उघडताच येत नाहीत. बोर्डवरच्या संरक्षक लेपाखाली मीठ शिरलं असेल तर तोच लेप त्याला सांभाळून ठेवतो. म्हणून साफ केलेल्या बोर्डची वॉरंटी कुणी प्रामाणिक कारागीर देत नाही. ज्याने दिली त्याच्याकडून ती लिहून घ्या, आणि ती पुढचा पूर्ण पावसाळा धरणारी असू द्या. भंगारातून दुसरा ईसीएम आणून लावायचा असेल तर तो गाडीच्या चावीशी, म्हणजे इमोबिलायझरशी जुळवावा लागतो. हे काम मोठ्या शहरातल्या ठरावीक लोकांकडेच होतं, त्यांच्याशी आधी बोलल्याशिवाय भंगारातला डबा विकत घेऊ नका.

तारांचं काम सगळ्यांत किचकट. कपलर काढा, पिनेमागची तार दोन इंच सोला. तांबं चकाकणारं असेल तर ठीक. काळं असेल तर आणखी कापत जा, चकाकी मिळेपर्यंत. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. कितीही फ्लक्स लावा, वरून चिकटलेलं दिसतं आणि खड्ड्याच्या रस्त्यावर सुटतं. नवा तुकडा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडून, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. साधी काळी टेप ओल धरते. कंपनीतून येणाऱ्या वायरिंगमध्ये अनेक तारा मध्येच टेपखाली एकत्र जोडलेल्या असतात, बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. ते जोड फ्लोअरमध्ये असतील आणि पाणी तिथे होतं, तर एकेक तार शोधण्यापेक्षा फ्लोअरचं पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदलणं अंती स्वस्त पडतं. सगळे अर्थचे बोल्ट काढून, बॉडीचा पत्रा चकचकीत घासून, वर ग्रीस लावून पुन्हा कसा. निम्मे भुताटकीचे फॉल्ट खराब अर्थिंगचे असतात.

जोडणी झाल्यावर तीन मोजमापं घ्या, साध्या मल्टीमीटरवर होतात. बॅटरी सोडलेली असताना, स्कॅनर (गाडीतले फॉल्ट वाचणारं यंत्र) लावायच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा: बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळ यायला हवा. १२० आला तर कंप्युटर ज्या दोन बारीक तारांवर बोलतात त्यांचं एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दुसरं, हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून बॅटरीचा मायनस आणि बॉडी यांच्यात व्होल्टेज बघा. ०.१ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग पुन्हा करा. तिसरं, गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर बॅटरीतून किती करंट जातोय ते बघा. साधारण ५० मिलीअँपिअरपेक्षा बराच जास्त असेल तर कुठल्या तरी कपलरमध्ये मीठ अजून वीज पास करतंय. एकेक फ्यूज काढत तो शोधायचा.

जुनी गाडी घेताना

एमएच ०१ ते ०८, ४३, ४६, ४७, ४८ हे नंबर मुंबई आणि कोकणपट्टीचे. त्या नंबरची प्रत्येक गाडी बुडीत असते असं मुळीच नाही. पण भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल तर खालचं तपासून मगच इसार द्या.

कागद आधी. मागची पॉलिसी बघा. नो क्लेम बोनस शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो, झाला असेल तर तो कशाचा हे विचारा. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास काढा. मध्येच पाच-सहा महिने गाडी कुठेच सर्व्हिसला गेली नसेल आणि ते महिने पावसाळ्यानंतरचे असतील, तर सावध व्हा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा.

मग गाडी. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, विकणारे तिथे धुवायचं विसरतात आणि चिखलाची रेघ तशीच राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा, ब्रेक पेडलचा वरचा भाग गंजलाय का बघा. आठ वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट असेल तर ते का बदललं ते विचारा. आतल्या फ्यूज बॉक्समधून दोन-चार फ्यूज उपसा. पात्यांवर हिरवी किंवा पांढरी पूड असेल तर तिथेच थांबा.

आता खरी परीक्षा. जारचं पाणी विकणाऱ्यांकडे पाण्यातले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर असतो, काही शे रुपयांत मिळतो. कार्पेट उचलून खालच्या फोमवर पेलाभर डिस्टिल्ड पाणी ओता, पाच मिनिटांनी स्वच्छ वाटीत पिळून घ्या आणि मोजा. तसंच तुमच्या ओळखीच्या, कधी न बुडालेल्या गाडीतही करून बघा. आकडा काही शेकड्यांत असेल तर तो धुळीचा, घामाचा असू शकतो. हजारांत गेला तर मीठ आहे, मग ते समुद्राचं असो की बोअरचं. गावातल्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा. दह्यासारखा पांढरा साका बसला तर क्लोराइड भरपूर आहे. ही परीक्षा करू न देणाऱ्याची गाडी घेऊ नका.

स्कॅनर लावताना फॉल्ट कोड आहेत का एवढंच बघू नका, ते कधी पुसलेत तेही बघा. बहुतेक स्कॅनरमध्ये कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली ते दिसतं. सौदा दाखवायच्या दिवशी तो आकडा दहा-वीस असेल तर कुणीतरी सकाळीच कोड पुसलेत. यू अक्षराने सुरू होणारे कोड एकापेक्षा जास्त कंप्युटरमधून आले, म्हणजे ते एकमेकांशी बोलताना अडखळतायत. आणि शक्य असेल तर अशी गाडी मे महिन्यात घेऊच नका. जुलै-ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, सकाळी गाडी थंड असताना सेल्फ मारून बघा. विकणाऱ्याला तेव्हा काही लपवता येत नाही.

आपल्याकडच्या पुरात बुडाली तर

वर्धा, वैनगंगा, पैनगंगा किंवा गावच्या नाल्याच्या पुरात बुडालेल्या गाडीची आशा जास्त असते, कारण पाणी गोडं असतं. चावी न लावणं, बॅटरी काढणं, फोटो घेणं हे तसंच. फरक चिखलाचा. काळ्या मातीचा गारा कपलरमध्ये वाळला की दगडासारखा होतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून तोही ओला असतानाच धुवा. वेळेत धुतलेले ईसीएम आणि वायरिंग अशा गाड्यांत बऱ्याचदा वाचतात. मात्र खारपाणपट्ट्यातल्या गावांत धुण्यासाठी टँकरचं किंवा नळाचं पाणी घ्या, आणि कपलरला शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचाच द्या. पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो.

दुरुस्त केलेली गाडी, खाऱ्या पाण्यातली असो की गोड्या, पहिल्या पावसाळ्यात दर महिन्याला एकदा तपासा: फ्लोअरखालचे दोन-तीन कपलर उघडून पिनांचा रंग, आणि रात्रीचा बॅटरीचा करंट. हिरवी पूड पुन्हा दिसली तर ती पिन तिथेच बदला, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि गाडी पुढे विकायची झाली तर ती खाऱ्या पाण्यात बुडाली होती आणि काय काय बदललंय, हे व्यवहाराच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. किंमत थोडी कमी येईल. घेणाऱ्याला मात्र कुठला कपलर आधी उघडायचा ते कळेल.